शंकर आबाजींना गाळा हवा होता

सोळाशे रुपये. एकट्या माणसाने भारतात पेटंटचा अर्ज ऑनलाइन भरला तर सरकार एवढीच फी घेतं. चौघांचं कुटुंब रविवारी डोंबिवलीच्या फडके रोडला जेवायला बाहेर पडलं तरी याहून जास्त बिल होतं. तेव्हा पैशाअभावी शोध अडला हे रडगाणं आता बंद करा, असं ठाण्यातल्या एका व्याख्यानात वक्त्यांनी आम्हाला बजावलं. मग आकडे आले. २०२२-२३ साली देशात पेटंटसाठी ८२,८११ अर्ज दाखल झाले. मार्च २०२४ पर्यंतच्या बारा महिन्यांत एक लाखाहून अधिक पेटंटं मंजूर झाली. शेवटी पडद्यावर एका जपानी गृहस्थांचं नाव झळकलं: शुनपेई यामाझाकी. त्यांच्या नावावर अकरा हजारांवर पेटंटं, गिनीज बुकात नोंद. एका माणसाला जमतं ते एकशे चाळीस कोटींना का जमू नये, असा सवाल आला आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

सोळाशे रुपयांत अर्ज जातो, हे खरं आहे. त्या अर्जात लिहिलेली वस्तू कोणत्या गाळ्यात, कोणाच्या लेथवर आणि कोणाच्या पैशाने उभी राहते, याबद्दल वक्ते काही बोलले नाहीत. माझं भांडण तेवढ्यापुरतंच आहे. आणि साक्षीला मी जपानी नव्हे, एक मुंबईकर आणणार आहे.

आधी माझी ओळख. मी छापखानेवाला. डोंबिवली पूर्वेला भाड्याच्या गाळ्यात दोन ट्रेडल, एक कटिंग मशीन आणि खिळ्यांच्या केसेस, एवढ्यावर आमचं घर चाललं. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, निवडणुकीची हँडबिलं. वडील गिरगावात जुळारी होते. खोली परवडेना म्हणून डोंबिवलीला आले आणि शेवटपर्यंत लोकलने गिरगाव गाठत राहिले. शंकर आबाजी भिसे हे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. छपाईचे खिळे पाडण्याचं यंत्र एका मराठी माणसाने विलायतेत जाऊन काढलं होतं, हे ते अशा थाटात सांगत की जणू भिसे आमच्याच चाळीत राहत होते.

यामाझाकींची गोष्ट लवकर उरकतो. माझी भाची ठाण्यात एका कंपनीत जुनी पेटंटं धुंडाळण्याचं काम करते. परदेशातले वकील विचारतात, ही कल्पना आधी कोणाला सुचली होती का; ही मुलगी दिवसभर त्याचा माग काढते. तिला यामाझाकी विचारले तर ती हसली. "मामा, डिस्प्लेचं काम आलं की हे आजोबा हमखास आडवे येतात." १९४२ चा जन्म. १९८० साली त्यांनी सेमीकंडक्टर एनर्जी लॅबोरेटरी नावाची कंपनी काढली. ती कानागावा प्रांतातल्या अत्सुगी गावात आहे. टीव्ही किंवा फोन ही कंपनी स्वतः विकत नाही. पातळ पडद्यांच्या आत जे बारीक ट्रान्झिस्टर असतात त्यांवर संशोधन करायचं, त्याची पेटंटं घ्यायची आणि पडदे बनवणाऱ्यांकडून परवान्याचे पैसे घ्यायचे, हा तिचा धंदा. शिवाय तो आकडा जगभरच्या कार्यालयांतला मिळून आहे. एकच शोध जपानात, अमेरिकेत, कोरियात नोंदवला की त्याची तीन पेटंटं होतात. एडिसनची म्हणून जी १,०९३ सांगतात ती फक्त अमेरिकेतली.

एक गोष्ट व्याख्यानात आली नव्हती, ती भाचीने सांगितली. यामाझाकींच्या कंपनीने सॅमसंगवर अमेरिकेत दावा लावला होता. तो उलटला. एका जुन्या जपानी अर्जाचा त्यांनी पेटंट कार्यालयाला अर्धामुर्धाच इंग्रजी तर्जुमा दिला आणि अडचणीचा भाग वगळला, असं न्यायालयाने ठरवलं. वरच्या न्यायालयानेही २००० साली तेच कायम केलं आणि ते पेटंट निकामी झालं. माणसाची विद्वत्ता यामुळे कमी होत नाही. पण अकरा हजार हा आकडा प्रयोगशाळा, पगारी माणसं, वकील आणि कोर्टकचेऱ्या यांच्या बेरजेतून येतो, हे यावरून कळतं. एडिसनचंही तेच, मेन्लो पार्कला त्याच्या हाताखाली कारागिरांचा ताफा होता. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं अशा शोधकाचं काय होतं, ते पाहायचं तर भिश्यांकडे यावं लागतं.

शंकर आबाजी भिसे २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मले. चौदाव्या वर्षी घरच्या घरी कोळशापासून गॅस काढायची जुळणी त्यांनी केली होती, असं त्यांच्या चरित्रात येतं. पुढे मुंबईत अकाउंटंट जनरलच्या कचेरीत सरकारी कारकुनी. दिवसा हिशेब आणि रात्री यंत्रं. यंत्रशास्त्र कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत. 'सायंटिफिक अमेरिकन'चे अंक हेच त्यांचं कॉलेज. १८९० च्या दशकात त्यांनी मुंबईत 'सायंटिफिक क्लब' काढला आणि 'विविध कलाप्रकाश' नावाचं मराठी मासिक चालवलं. म्हणजे हा माणूस एकटाच काही खुडबुडत बसला नव्हता; चार लोकांना गोळा करून शिकवायचीही हौस होती.

त्यांचे सुरुवातीचे शोध पाहिले तर सगळे रोजच्या नडीतले. मध्येच कुणी उघडली तर कळेल अशी बाटली. आपोआप वजन करणारा तराजू. आणि मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी पुढचं स्टेशन कोणतं ते दाखवणारा दर्शक. गाड्या तेव्हा कोळशावर चालत होत्या. कल्याणपर्यंत रूळ पोचून चार दशकं झाली होती आणि रात्री गाडीत बसलेल्या माणसाला ठाणं आलं की मुंब्रा, हे बाहेर डोकावूनच कळायचं. आमच्या लोकलच्या डब्यात 'पुढील स्टेशन ठाकुर्ली' हे बाईच्या आवाजात आणि लाल अक्षरांत यायला एकविसावं शतक उजाडलं. मधल्या शंभर वर्षांत दारात उभ्या असलेल्या प्रवाशाला 'कोणतं आलं हो?' म्हणून विचारण्याची पद्धत अव्याहत चालू राहिली. भिश्यांचा दर्शक त्या वेळी गाडीत का बसला नाही, याचं उत्तर कल्पनेच्या दर्जात शोधू नये. रेल्वे विलायती कंपनीची, यंत्रसामग्री विलायतेहून येणारी, आणि समोर उभा असलेला एक देशी कारकून.

तराजूने त्यांचं नशीब पालटलं. शोधकांसाठी निघणाऱ्या लंडनच्या एका मासिकाने १८९० च्या दशकाच्या शेवटी स्पर्धा ठेवली होती: वाण्याच्या दुकानातला सुटा माल आपोआप मोजून देणारं यंत्र. भिश्यांनी मुंबईहून आराखडा धाडला आणि तिथल्या इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून पहिलं बक्षीस घेतलं. त्या जोरावर, काँग्रेसचे पुढारी दिनशा वाच्छा यांची शिफारस घेऊन ते लंडनला पोचले आणि दादाभाई नौरोजींच्या दारात उभे राहिले.

दादाभाई तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. पार्लमेंटची खासदारकी होऊन गेलेली, हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते याचे हिशेब मांडण्यात हयात घालवलेली. अशा माणसाने एका अनोळखी मराठी कारकुनाच्या यंत्रांत पैसे घातले. उपकार म्हणून नाही. रीतसर करार करून, नफ्यातल्या वाट्याच्या बोलीवर. इतिहासकार दिन्यार पटेल यांनी दादाभाईंच्या कागदपत्रांतून ही हकिगत उजेडात आणली आहे. मला ती दादाभाईंच्या कुठल्याही भाषणाइतकीच मोलाची वाटते. हिंदी माणसाला यंत्रातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना त्यांना एक चालतं यंत्र दाखवायचं होतं.

लंडनमध्ये भिश्यांच्या डोक्याला ऊत आला. दुकानांसाठी विजेची बदलती जाहिरात-पाटी, जी क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात मांडली गेली. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोन, डोकेदुखीवरचं यंत्र, आपोआप पाणी सुटणारा संडास. पुढे त्यांना मृतात्म्यांशी बोलण्याचाही नाद लागला आणि आत्म्यांसाठी टाइपरायटर करण्यापर्यंत मजल गेली. तो काळच तसा होता, भलेभले प्लँचेटवर हात ठेवून बसत. एकूण दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसेक पेटंटं, असा त्यांचा हिशेब सांगतात. पण ज्यासाठी वडील त्यांचं नाव घेत, ते यंत्र म्हणजे 'भिसोटाइप'.

इथे मला थोडा वेळ घ्यावा लागेल, कारण खिळे ज्यांनी हाताळले ते आता घरोघरी सापडत नाहीत. शिसं, अँटिमनी आणि कथील वितळवून साच्यात सोडायचं की एक अक्षर पडतं. आम्ही खिळे गिरगावातल्या फाउंड्रीतून वजनावर आणत असू. इंग्रजीचं बरं होतं, दोन केसांत संसार मावतो. देवनागरीला जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, अर्धी अक्षरं, उकारासकट एकत्र पाडलेली अक्षरं असे शेकडो खिळे; तीन-चार केसा भिंतीशी मांडून त्यांच्यामध्ये जुळारी उभा. छापून छापून खिळा झिजतो, कान तुटतो, मग अहवालात अध्यक्षांच्या नावातली वेलांटी उमटत नाही आणि अध्यक्ष बिल अडवतात. ताजे खिळे स्वस्तात आणि भराभर मिळणं ही छापखान्याची नाडी होती. टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या घटवण्याचा जो खटाटोप वर्षानुवर्षं केला, तो याच कारणाने.

मोनोटाइपचं यंत्र, जे पुढे साऱ्या जगात चाललं, मिनिटाला दीडशेच्या आसपास खिळे पाडतं. भिश्यांनी आपल्या यंत्राबद्दल सांगितलेला वेग होता मिनिटाला बाराशे. फाउंड्रीतल्या जाणकारांनी ते अशक्य म्हटलं. भिश्यांनी आराखडे पुढे केले. आराखडे खरे होते. पण बाराशेच्या वेगाला साचा तापतो. तो गार कसा ठेवायचा, धातू भरण्याआधी हवा बाहेर कशी काढायची, खिळ्याची उंची केसभरही चुकू नये म्हणून पृष्ठभाग किती घासायचा, हे कागदावर सुटत नाही. चार नमुने बनवून, मोडून, पाचवा बनवावा लागतो. प्रत्येक नमुन्याला पोलाद, टर्नर, फिटर आणि जागेचं भाडं. भिश्यांना पंधरा हजार पौंड हवे होते. ब्रिटिश समाजवाद्यांचे पुढारी हेन्री हिंडमन यांनी भांडवलदार जमवण्याचं आश्वासन दिलं. भांडवलशाही बुडवायला निघालेल्या गृहस्थांनी भागधारक शोधायचे, हा विनोद तेव्हाच कुणाच्या लक्षात यायला हवा होता. पैसे उभे राहिले नाहीत. दादाभाईंची थैलीही आटली. ते १९०७ साली मायदेशी परतले. डिसेंबर १९०८ मध्ये भिश्यांनी लंडनचं दुकान आवरलं आणि मुंबईची वाट धरली.

पुढे गोपाळ कृष्ण गोखले भेटले. त्यांनी भिश्यांना जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांच्याशी जोडून दिलं आणि १९१० च्या सुमारास टाटा-भिसे सिंडिकेट निघाली. नावं पाहा: वाच्छा, दादाभाई, गोखले, टाटा. त्या काळच्या हिंदुस्थानात याहून वरची शिफारस शोधून सापडली नसती. तरी पाच-सहा वर्षांत सिंडिकेट मोडली. भिसे अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कला राहिले, १९२० च्या सुमारास तिथे टाइप कास्टरची कंपनी काढली, यंत्रं बनवली. हाती पैसा खेळला तो मात्र 'अ‍ॅटोमिडीन' नावाच्या आयोडीनच्या औषधाने. वर्तमानपत्रं त्यांना 'इंडियन एडिसन' म्हणू लागली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच ते गेले. खिळ्यांच्या यंत्रावर उमेदीची वर्षं गेली आणि घर चाललं बाटलीतल्या औषधावर.

याचा अर्थ लोक असा लावतात की इंग्रजांनी दाबलं, आपल्या लोकांनी साथ दिली नाही. दुसरं विधान तर सरळ खोटं आहे. साथ भरपूर दिली. मुंबईत त्यांना मिळाली नाही ती जागा. जिथे हा माणूस संध्याकाळी कचेरीतून सुटून जाऊ शकला असता, जिथे एखादा मिस्त्री म्हणाला असता की 'साहेब, हा कॅम असा नाही बसायचा', आणि दुसऱ्या दिवशी बसवून दाखवला असता. ती जागा मुंबईच्या आसपास तयार व्हायला आणखी अर्धं शतक गेलं. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, निघालं आणि त्याचा श्रीगणेशा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला. मागोमाग डोंबिवलीची एमआयडीसी आली. मोठे कारखाने आधीच पसरले होते: शहाडला सेंचुरी रेयॉन, मोहोन्याला एनआरसी, आमच्याकडे प्रीमियर. या कारखान्यांच्या वर्कशॉपात उमेदवारी केलेले फिटर-टर्नर पुढे स्वतःचे गाळे टाकून बसले. ज्याला आम्ही इंडस्ट्रियल गाळा म्हणतो, तो असा: पत्र्याचं छप्पर, दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल, वेल्डिंगचा सेट, आणि भिंतीवर खडूने लिहिलेली उधारी.

आमच्या मागच्या गाळ्यात असेच एक मिस्त्री होते, कराडकडचे. माझी बिलबुकांची अडचण होती. पांढरा, गुलाबी, पिवळा असे तीन कागद एकाआड एक लावत बायका दिवसभर बसत; एक जरी उलटसुलट झाला तर गिऱ्हाईक अख्खं बुक परत करी. मिस्त्रींनी मोडक्या शिलाई मशीनचा पाय आणला, त्यावर तीन खण बसवले, रबरी रोळ लावला. पाय दाबला की प्रत्येक खणातून एकेक कागद सरकून एकावर एक पडे. पहिला नमुना दोन-दोन कागद ओढायचा. दुसरा गुलाबी चुरगळायचा. तिसरा चालला. तिन्ही नमुने आमच्या दोन गाळ्यांच्या मधल्या बोळात झाले, चहा माझा आणि भंगार त्यांचं. मिस्त्रींनी कौतुकाने इतर छापखानेवाल्यांना बोलावून ते दाखवलं. काही महिन्यांतच मुंबईच्या बाजारात तसलेच स्टँड विकायला आले.

भाचीला हे सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "मामा, अर्जाआधी चारचौघांत दाखवलं म्हणजे नवेपणा संपला. आधी तात्पुरता अर्ज टाकायचा, मग वर्षभरात पूर्ण." बरोबर आहे तिचं. पण धरून चाला की मिस्त्रींनी पेटंट घेतलं असतं. नक्कल करणाऱ्यावर दावा जिल्हा न्यायालयात लावायचा, समोरच्याने पेटंटच खोटं म्हणून उलटा दावा केला की प्रकरण उच्च न्यायालयात. दोन लेथवाल्या माणसाने लेथ कधी चालवायची? अर्ज सोळाशेचा, तपासणीची मागणी चार हजाराची, वकिलाची फी या दोन्हींच्या कितीतरी पट, आणि तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण. यामाझाकींच्या कंपनीला हा सगळा खर्च म्हणजेच धंदा. मिस्त्रींना तो खड्डा. कायद्याने मिस्त्रींचं नुकसान थोडं कमी झालं असतं, हे मी मान्य करतो. पण स्टँड मुळात जन्माला आला तो दोन गाळे पाठीला पाठ लावून होते म्हणून.

आता तो बोळ राहिला नाही. माझे खिळे ऑफसेट आणि डीटीपी आल्यावर मोडीत गेले, त्याचं मला दुःख नाही, धंदा बदलतो. एनआरसी २००९ साली बंद पडली. वागळे इस्टेटमध्ये आज रोड नंबर १६ ला किंवा २२ ला जा. काचेच्या इमारती, कॉल सेंटरं, बँकांची बॅक ऑफिसं, पासपोर्टच्या रांगा, कारची शोरूम. अधूनमधून एखादा गाळा लेथच्या आवाजावरून ओळखू येतो. तिथल्या पोरांना रोजगार मिळाला आहे, भाचीचाही त्यातच आहे, म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण ही भाची ज्या इमारतीत बसून जगाची पेटंटं तपासते, त्या जमिनीवर पूर्वी काहीतरी बनत होतं आणि आता बनलेल्याचे कागद वाचले जातात, एवढं मला दिसतं.

डोंबिवलीत वेगळं कारण झालं. मे २०१६ चा स्फोट आणि मे २०२४ चा स्फोट ज्यांनी ऐकला त्यांना रासायनिक कारखाने वस्तीतून हलवा म्हणायला कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या घराच्या खिडक्या हादरल्या होत्या. धोकादायक कारखाने हलवायलाच हवेत. पण 'एमआयडीसी हलवा' असा सरसकट गजर होतो तेव्हा रिअ‍ॅक्टर आणि लेथ एकाच टोपलीत टाकले जातात. टर्निंगचा गाळा फुटत नाही. तो गेला की परत येत नाही आणि त्या जागी बारा मजल्यांचं नाव येतं, बहुधा इंग्रजी.

उलट, पेटंटचे आकडे मात्र वाढत आहेत, आणि ते कसे वाढतात हेही पाहिलं पाहिजे. कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रमवारीत प्रकाशित आणि मंजूर पेटंटांना गुण आहेत. अर्ज केला की अठरा महिन्यांनी तो आपसूक प्रकाशित होतो; जादा फी भरली तर आधीच. म्हणजे वस्तू बनो न बनो, गुण मिळाले. काही संस्था गठ्ठ्याने अर्ज का टाकतात, याचं गूढ उरत नाही. मंजूर झालेल्या पेटंटचा वापर होतो की नाही याचं निवेदन कायद्याने द्यावं लागतं, फॉर्म २७ म्हणतात त्याला. सभागृहात टाळ्या घेताना एक लाख मंजूर झाल्याचं सांगा, काही हरकत नाही. त्याच दमात त्यांतली किती वापरात आहेत तेही सांगा. वर्तमानपत्रांनीही मथळ्यात हाच आकडा मागावा.

जागेचं कसं करायचं, याचा नमुना महाराष्ट्रातच आहे आणि त्यासाठी अत्सुगीला जायला नको. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकी, वीज, शेती हातांनी शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेने आपल्याबाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब उभ्या केल्या, त्यांत २००२ सालची पाबळची आहे. कल्पना घेऊन या, यंत्रं वापरा, नमुना करून न्या. पाबळसारख्या कोरडवाहू गावाला जे जमलं, ते साठ वर्षं कारखाने पोसलेल्या ठाणे-कल्याण पट्ट्याला जमत नसेल तर दोष कल्पनाशक्तीचा नाही, जमिनीच्या भावाचा आहे. सरकारने शाळांत काढलेल्या अटल लॅब चांगल्या आहेत, पण त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. भिसे आज असते तर त्यांना तिथे कुणी आत घेतलं नसतं. वय तिशीचं, पेशा सरकारी कारकुनी.

म्हणून मागणी साधी ठेवतो. औद्योगिक भूखंडाचा वापर बदलून तिथे ऑफिसं किंवा घरं बांधायची परवानगी महामंडळ देतं, त्या बदल्यात पैसे घेतं. त्याच अटींत आणखी एक अट घालावी: प्रत्येक मोठ्या बदलामागे तळमजल्यावर ठरावीक चौरस फुटांचा गाळा, सार्वजनिक वर्कशॉपसाठी. वागळे इस्टेटला एक, डोंबिवलीच्या फेज एकला एक, कल्याण पश्चिमेला एक. त्यात दोन लेथ, एक मिलिंग, वेल्डिंग, आणि हो, थ्री-डी प्रिंटरही असू द्या, पोरांना त्याशिवाय करमत नाही. वागळेची आयटीआय जागेवरच आहे. सुट्टीच्या दिवशी तिची यंत्रं उघडून दिली तर पहिलं वर्कशॉप इमारत न बांधताही सुरू होईल. आठवड्यातून एक दिवस पेटंटचं कळणारं कुणीतरी टेबलाशी बसावं. भाचीसारखे पगारदार शनिवारी यायला तयार आहेत, मी विचारून पाहिलंय. आणि सगळ्यात आधी पगारावर घ्यावेत ते निवृत्त मिस्त्री. डोंबिवलीत आज प्रीमियर-एनआरसीतले साठी-सत्तरीचे फिटर सकाळी उद्यानात चालतात आणि दुपारी बातम्यांची चॅनेलं बघतात. आणखी दहा वर्षांनी त्यांना शोधायला गेलं तर सापडणार नाहीत.

हे सुरू झालं तर कुणीतरी स्टार्टअप हब वगैरे नाव देऊन उद्घाटनाला रंगीत दिवे लावेल, आणि तीन महिन्यांत लेथवर धूळ बसेल, ही भीती मला आहेच. त्यावर उपाय एकच सुचतो. वर्कशॉपचा व्यवस्थापक अर्ज मागवून नेमताना त्याला मुलाखतीत पॉवरपॉइंट दाखवायला सांगू नये. पितळेचा एक गज हातात द्यावा आणि त्याला बोल्ट काढायला लावावा.